मदत हवी आहे : ॲपमधील औषधांची यादी रुग्णाने स्वतः तपासण्याची सोय पुण्यात कोणी वापरली आहे का?

नमस्कार.

माझी आई ७१ वर्षांची आहे आणि सदाशिव पेठेत एकटी राहते. मी वाकडला असते व शनिवार-रविवारी तिच्याकडे जाते. तिला रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडचा त्रास आहे. गेल्या महिन्यात न्यूमोनियासाठी तिला पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. घरी आल्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना तिला भोवळ आली आणि ती पडली. हाड मोडले नाही, मात्र फॅमिली डॉक्टरांनी तपासले तेव्हा तिचा वरचा रक्तदाब ९४ भरला.

त्या दिवशी मी तिचा औषधांचा स्टीलचा डबा सतरंजीवर रिकामा केला, तेव्हा उलगडा झाला. रुग्णालयाने टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ या रक्तदाब कमी करणाऱ्या दोन औषधांची एकत्र गोळी सुरू केली होती आणि फॅमिली डॉक्टरांनी पूर्वीपासून दिलेली टेल्मिसार्टन ४० ची गोळीही आई नेमाने घेत होती. दोन्ही पाकिटांवरची नावे वेगळी, गोळ्यांचे रंग वेगळे. त्यामुळे तिच्या लेखी ती दोन निराळी औषधे होती. घरी सोडताना दिलेल्या कागदावर नवी गोळी व्यवस्थित लिहिलेली आहे, पण ‘जुनी बंद करावी’ हे वाक्य त्यावर कुठेही नाही.

रुग्णालयाचे मोबाइल ॲप आहे आणि त्यात ‘सध्याची औषधे’ या मथळ्याखाली नऊ नावे दिसतात. मी ती एकेक करून डब्यातील पाकिटांशी ताडून पाहिली. नवांपैकी दोन, म्हणजे प्रतिजैविक आणि पित्ताची गोळी, यांचा कोर्स केव्हाच संपला आहे. उलट आई प्रत्यक्षात घेत असलेल्या चार गोष्टी त्या यादीत नाहीत : ती जुनी टेल्मिसार्टन, कॅल्शियम, गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली आयबुप्रोफेन आणि खोकल्यासाठी मधातून घेतलेले ज्येष्ठमधाचे चूर्ण. यांपैकी एकही क्षुल्लक नाही. कॅल्शियम आणि थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) यांच्यात चार तासांचे अंतर हवे, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. आई दोन्ही सकाळी अर्ध्या तासाच्या फरकाने घेत होती. टेल्मिसार्टनसोबत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, हे तर मला फॅमिली डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊकच नव्हते. चूर्णाला आई औषध मानतच नाही, त्यामुळे ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते कधीच येत नाही.

ॲपमधील यादी डॉक्टरांनी काय लिहिले ते सांगते; रुग्णाच्या पोटात काय जाते ते सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जी मोहीम सुरू केली, तिच्यात एका वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण आणि एका उपचारकेंद्राकडून दुसरीकडे किंवा घरी जाण्याचा काळ या दोन्ही गोष्टी जोखमीच्या म्हणून स्पष्ट नमूद केल्या आहेत. आई या दोन्हींत बसते.

माझी अडचण अशी की या ॲपमध्ये यादी फक्त वाचता येते. प्रत्येक औषधापुढे ‘घेते’, ‘घेत नाही’ किंवा ‘वेगळ्या प्रकारे घेते’ असे रुग्णाला नोंदवता यावे, राहिलेले औषध जोडता यावे आणि पुढच्या भेटीआधी ते डॉक्टरांना दिसावे, अशी सोय मला हवी आहे. पुण्यातील कोणत्या रुग्णालयात किंवा दवाखान्यात ती आहे का? असल्यास डॉक्टर त्या नोंदी खरोखर उघडून पाहतात का, हे अनुभवाने सांगावे. न पाहिलेली नोंद मला अधिक धोकादायक वाटते, कारण कळवल्याचे समाधान मात्र होते. रुग्णाला यादीतून नाव काढून टाकता येऊ नये, असे माझे मत आहे. त्याने खूण करावी आणि निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.

आभा हे आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवणारे सरकारी ॲपही मी पाहिले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेतील १४ अंकी क्रमांक आईने काढला आहे, परंतु ज्या संस्थांनी नोंदी जोडल्या त्यांचेच कागद तिथे येतात आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे अजून वहीच आहे.

दुसरा प्रश्न नावांचा. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी तरतूद वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ साली झाली. तरीही ॲपमध्ये केवळ कंपनीचे नाव दिसते. मूळ घटक मराठीत, मोठ्या अक्षरांत दाखवणारे आणि तोच घटक दोनदा आल्यास सावध करणारे एखादे भरवशाचे ॲप आहे का? आईला १-०-१ कळते, इंग्रजी नावे वाचताना मात्र ती अडखळते.

भर (दुसऱ्या दिवशी) : प्रतिसाद देणाऱ्या सर्वांची आभारी आहे. सगळी पाकिटे, चूर्णाची डबीसुद्धा, पिशवीत घालून भेटीला न्यावीत ही सूचना पटली. गुरुवारी तसेच करणार आहोत. दोघांनी विचारले म्हणून सांगते : जुनी टेल्मिसार्टन आणि आयबुप्रोफेन फॅमिली डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितले आणि आता रक्तदाब १२८ च्या आसपास असतो. एक प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. ॲपचा ओटीपी आईच्या फोनवर येतो आणि तो फोन बहुधा देवघराशेजारच्या फडताळात असतो. तिच्या संमतीने मला माझ्या फोनवरून यादी पाहता येईल, अशी सोय कोणी करून घेतली असल्यास रुग्णालयात नेमका कोणता अर्ज द्यावा लागला, ते कृपया कळवावे.