मदत हवी आहे: मिड-इंजिन गाडी पळवली की तापते, उभी केली की थंड होते. रेडिएटर पुढं न्यावा का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मी आणि माझा चुलतभाऊ मिळून दोन सीटची गाडी बनवतोय, रोडवर काढायची नाही, फक्त ऑटोक्रॉस (एकेका गाडीची वेळ लावून होणारी छोटी शर्यत) आणि ट्रॅकसाठी. पाईपची चॅसी उद्यमनगरात वेल्ड करून घेतली आणि जुन्या एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन गिअरबॉक्ससकट सीटच्या मागं बसवलंय, म्हणजे एस्टीममध्ये पुढं जे आडवं असतं ते अख्खं मागं. रेडिएटर पण तिचाच, डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढं उभा लावलाय, बॉडीच्या पत्र्यात खिडकी कापून जाळी मारलीय आणि फॅन आतल्या बाजूनं हवा ओढतो.

आता प्रॉब्लेम असा की साध्या गाडीच्या बरोब्बर उलटं होतंय. आयडलवर कितीही वेळ उभी ठेवा, ९० च्या आसपास फॅन लागतो बंद होतो, काही टेन्शन नाही. पहिल्या दुसऱ्यात हळू फिरवली तरी ठीक. पण थर्डला टाकून ६०-७० नं राउंड मारायला लागलो की काटा चढायला लागतो तो १०५, ११०, आणि थांबून आयडलवर ठेवली की आपोआप खाली येतो.

कूलंट नवीन आहे, पाण्यात अर्धं-अर्धं, कॅप नवीन, पाणी कमी होत नाही, कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) मला तरी ठीक वाटतंय. काटा वर असताना टेम्परेचर गननं बघितलं तर वरचा होज १०६ आणि खालचा ९८. म्हणजे पाणी फिरतंय पण रेडिएटरमध्ये थंड होत नाहीये, असा मी अर्थ लावतोय, चूक असेल तर सांगा.

मग जाळीच्या चारी बाजूंनी लोकरीचे बोटभर तुकडे टेपनं चिकटवले आणि भावानं शेजारून बाईकवर मागं बसून मोबाईलवर शूट केलं. ४० पर्यंत सगळे धागे आत ओढले जातात. ६० च्या पुढं पुढच्या कडेचे धागे पत्र्याला चिकटून सरळ मागं ताठ होतात, आत वळतच नाहीत, आणि मागच्या कडेचे तर बाहेर तोंड करून फडफडतात!! फॅन आत ओढतोय आणि हवा बाहेर येतीय, हे बघून आम्ही दोघं गप्पच झालो.

इथले मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारा वाल्व्ह) काढून टाक, एकजण म्हणतो मोठा रेडिएटर घाल, एकजण म्हणतो सरळ नाकात ने. फियाट एक्स १/९, टोयोटा एमआर२, लोटस एलिस, सगळ्यांचं इंजिन मागं आणि रेडिएटर पुढंच आहे हे मला माहितीय, पण आमच्याकडं जायला-यायला मिळून ६ मीटर पाईप लागेल, ३२ मिमी बोअरच्या पाईपात मीटरला ८०० मिली पाणी म्हणजे जवळजवळ ५ लिटर वजन वाढणार, वर गरम पाईप पायाशेजारून, आणि एअर लॉकची कटकट वेगळीच. हे सगळं करायची तयारी आहे, पण आधी कळू दे की साईडची जागाच बाद आहे का काहीतरी राहिलंय.

पिस्टनदादा:
जागा बाद नाही. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) गाडीला आमचा रेडिएटर साईडलाच होता आणि कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर भर उन्हात चालला. १९७० च्या लोटस ७२ नं तर एफ-वनमध्ये रेडिएटर नाकातून काढून बाजूला नेले. फेरारी टेस्टारोसा मागून एवढी रुंद दिसते ती बाजूच्या रेडिएटरांमुळेच.

तुमचे धागेच सगळं सांगतायत. बॉडीला लागून जाणारी हवा संथ असते आणि सपाट खिडकीसमोरून ती नुसती घसरून जाते. त्यात इंजिनखाली पत्रा नसेल तर खालून हवा घुसून मागं दाब तयार होतो आणि तीच हवा रेडिएटरमधून उलटी बाहेर येते. जोरात चालवताना क्रँकवर जेवढी ताकद मिळते साधारण तेवढीच उष्णता पाण्यात जाते. ५० किलोवॅट धरा, हवा ४० डिग्रीनं तापते धरा, तर सेकंदाला एक घनमीटरच्या वर हवा लागते. ती एकट्या फॅनच्या जिवावर येत नाही, आणि त्यात समोरून उलटा दाब. मोठा रेडिएटर घातला तरी तेच होणार. थर्मोस्टॅटला हात लावू नका.

तोंड बॉडीच्या ४-५ सेमी बाहेर काढा, तिथून रेडिएटरपर्यंत पत्र्याचा बंद डक्ट करा. तोंडाचा एरिया कोअरच्या (रेडिएटरच्या जाळीदार भागाच्या) निम्म्याहून कमी चालेल, पण कडेला बोट जाईल एवढी पण फट नको, फोम लावून सील करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेर पडायची वाट: मागचा पॅनल काढून जाळी लावा, इंजिनखाली पत्रा मारा. आधी पुठ्ठा आणि डक्ट टेपनं करून धागे परत बघा, पत्रा नंतर कापा.

मूळ धागाकर्ता:
मागचा पॅनल पूर्ण बंद आहे आणि खाली काहीच नाही, म्हणजे तुम्ही म्हणताय तस्संच. आत शिरायचा विचार केला, बाहेर जायचा केलाच नाही कुणी. रविवारी पुठ्ठ्यानं करून बघतो. समजा नाहीच जमलं आणि पुढं न्यायची वेळ आली तर हवा कशी काढायची? आणि हीटर नाहीये, त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून ठेवल्यात, त्या बंद करू का?

पिस्टनदादा:
पुढं नेलात तर टाकी सगळ्यात उंच ठेवा, हेडच्या वरच्या टोकापासून आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक नळी टाकीला आणा, पाईपला मधे कुठं उंचवटा नको. पाईपच्या टोकांना कड उठवून घ्या, नाहीतर होज निसटतो. गरम हवा एलिससारखी बॉनेटमधून वर सोडा.

हीटरच्या नळ्या जोडलेल्याच राहू द्या. थर्मोस्टॅट बंद असताना त्या वाटेनं पाणी फिरत राहतं. रविवारचा व्हिडिओ इथंच टाका, डाव्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचा.