सोमवारी शस्त्रक्रिया, शेवटचे डायलिसिस शनिवारी: हे अंतर चालेल का?

प्रश्नकर्ता, कुडाळ
माझ्या वडिलांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार व शनिवार असे असते. पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया कोल्हापूरला सोमवारी सकाळी ठरली आहे. रविवारी येथील केंद्र बंद असते. शनिवारचे डायलिसिस पुरेसे मानावे, की सोमवारी पहाटे तेथे पोहोचून शस्त्रक्रियेच्या तोंडावर करून घ्यावे? सध्या त्यांना वेदना किंवा ताप नाही.

डायलिसिस तंत्रज्ञ, रत्नागिरी
घाई नसेल तर शस्त्रक्रियाच बुधवारी ठेवता येईल का, हे आधी विचारावे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेपूर्वी साधारणपणे आदल्या दिवशी डायलिसिस करतात, म्हणजे पोटॅशियम व साठलेले पाणी आटोक्यात येते आणि यंत्रात वापरलेल्या हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) परिणामही रात्रीतून ओसरतो. डायलिसिसवरून नुकत्याच उठलेल्या रुग्णाचा रक्तदाब बहुधा खाली असतो आणि भूल दिल्यावर तो आणखी घसरू शकतो.

मंगळवारचे डायलिसिस शक्यतो कोल्हापुरातच करावे, कारण चार तास यंत्रावर काढून लगेच घाट चढणे वयस्कर माणसाला जड जाते. हेपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे अलीकडचे अहवाल, ड्राय वेट (साठलेले पाणी काढल्यावरचे वजन) आणि हेपॅरिनची मात्रा लिहिलेला कागद सोबत ठेवावा. अहवालांशिवाय नवे केंद्र सहसा यंत्रावर घेत नाही.

भूलतज्ज्ञ, सावंतवाडी
वरील मताशी सहमत. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींवरून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेवटचे डायलिसिस एक दिवस आधी झालेल्यांत 90 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 4.2 टक्के, दोन दिवसांच्या अंतराने 4.7 आणि तीन दिवसांच्या अंतराने 5.2 टक्के आढळले. फरक मोठा नाही आणि केवळ नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. तरीही तारीख आपल्या हातात असताना जास्त अंतर का पत्करावे?

पोटॅशियमची तपासणी मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुन्हा करावी. डायलिसिस संपताच घेतलेला आकडा फसवा असतो, कारण पेशींतील पोटॅशियम पुढील काही तासांत रक्तात येऊन तो पुन्हा वाढतो. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर रक्तदाबाचा पट्टा, सलाईन किंवा घट्ट पट्टी नको, हे प्रत्येक पाळीच्या परिचारिकेला सांगावे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले डायलिसिस हेपॅरिनशिवाय करायचे का, हेही आधीच विचारून ठेवावे. पित्ताशयाला सूज येऊन ताप आला, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तसे तातडीने करावे.

रुग्णाचा मुलगा, मालवण
भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात. तेवढे कटाक्षाने टाळावे. आमच्या आईला रविवारी दोन शहाळ्यांचे पाणी पाजले गेले आणि सोमवारी पोटॅशियम 6.4 आल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली.

प्रश्नकर्ता, कुडाळ
सर्वांचे आभार. सर्जनना आज फोन केला. डायलिसिसचे वार त्यांना कोणी कळवलेच नव्हते. बुधवारची वेळ मिळाली असून मंगळवारचे डायलिसिस त्याच रुग्णालयात होईल.