रविवारची फणसाड सहल : बस, स्पीकर आणि ४२ नावं

सोसायटीचा ग्रुप, ठाणे. एप्रिल, गुरुवार रात्र.

कुलकर्णी काका (ए-३०२), ८:४१
यादी बघितली. ४२ नावं, बस सकाळी ६ ला, आणि 'कॉमन खर्चा'त स्पीकरचं भाडं. सावंत, आपण फणसाड अभयारण्यात चाललोय की वरातीला?

सावंत (सेक्रेटरी), ८:४४
काका, यादी कल्चरल कमिटीची आहे. मी फक्त फॉरवर्ड केली 🙏

पाटील (सी-१०४), ८:४५
स्पीकर बससाठी आहे. कर्नाळ्याच्या सहलीचं परत उकरून काढू नका.

कुलकर्णी काका, ८:४६
कर्नाळ्याचं मी नाव घेतलं नव्हतं. तुम्हीच घेतलंत.

नाईक वहिनी (बी-२०१), ८:४७
काशीदचा बीच कव्हर होईल ना? मुलं विचारतायत.

मेघना (ए-६०१), ८:५२
स्पीकर राहू दे, आधी वेळ बघा. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा, साळाव पूल आणि मग सुपेगाव, तिथून जंगलात. न थांबता चार तास. त्यात ४२ जणांचा चहा आणि 'जरा जाऊन येतो'. म्हणजे आपण जंगलात साडेअकराला. एप्रिलमध्ये पहाटे साडेपाच ते नऊ एवढाच खरा वेळ असतो. नंतर सांबर, भेकर गच्च सावलीत बसून राहतात, शेकरूसुद्धा फांदीवर आडवं पडतं. वरातीमागून घोडं होईल.

पाटील, ८:५३
पुन्हा वरात 😄

कुलकर्णी काका, ८:५५
तिथे बघायचं काय तेही लिहितो, म्हणजे स्पीकर का नको ते कळेल. फणसाडमध्ये जंगलातल्या पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. धरणाची गाण, चिखल गाण, फणसाड गाण. अभयारण्याला नावच त्या फणसाड गाणीवरून पडलं. उन्हाळ्यात ओढे आटतात, गाणींना पाणी राहतं, म्हणून सगळी जनावरं तिथे येतात. आपण करायचं एकच, गप्प बसायचं.

पाटील, ८:५६
म्हणजे गाण बघायला जायचं पण गाणी लावायची नाहीत 😂😂

अद्वैत (बी-५०३), ८:५६
🤣🤣

देशमुख काकू (ए-१०१), ८:५८
पाण्याचा विषय निघालाच आहे तर ए-विंगला आज संध्याकाळी फक्त २० मिनिटं पाणी आलं. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं?

सावंत (सेक्रेटरी), ८:५९
काकू, त्यासाठी मेंटेनन्स ग्रुप आहे 🙏

देशमुख काकू, ९:००
तिथे कोणी उत्तर देत नाही.

मेघना, ९:०४
गाणीवर बसायचं तर वारा बघून बसावं लागतं. पहाटे तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. म्हणून पाण्याच्या पश्चिमेला बसायचं, आपला वास पाण्यावरून जात नाही. दहा-अकरानंतर खारं वारं सुरू झालं की दिशा उलटते. डोंगरामुळे मध्येच वारा फिरतो, म्हणून चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडून बघायची. पाण्यापासून निदान ३० पावलं लांब, पाठीला झाडाचं खोड, म्हणजे अंगाची कड उठून दिसत नाही. मोबाइल सायलेंटवर, स्क्रीन खाली.

कुलकर्णी काका, ९:०६
*सूचना : परफ्यूम, डिओ, अत्तर नको. पांढरे, लाल, पिवळे कपडे नकोत. खाकी, मातकट, मळकट हिरवे चालतील.*

नाईक वहिनी, ९:०७
काशीदचं कोणीच सांगत नाहीये 🙄

पाटील, ९:०९
डिओचा आणि बिबट्याचा काय संबंध? माणसाचा वास तसाही येणारच.

कुलकर्णी काका, ९:१२
बिबट्याचा नाही, आग्यामोहोळाचा. सुवासिक तेलाने, धुराने, मोठ्या आवाजाने त्या माशा खवळतात. एक माशी मारलीत तर तिच्या वासावर बाकीच्या येतात. हात न झटकता, तोंड झाकून लगेच लांब पळायचं. पाण्यात उडी मारू नये, माशा वर घिरट्या घालत थांबतात.

अद्वैत, ९:१४
काका, शेकरू दिसेल का? तेवढ्यासाठी येतोय. राज्यप्राणी आहे ना?

मेघना, ९:१८
हो, राज्यप्राणी. पण शोधताना नजर खाली नको. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. आधी घरटं शोध. उंच झाडाच्या बाहेरच्या बारीक फांद्यांवर काटक्यापानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा असतो. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहे असं नाही. आवाज जोरात, खट् खट् खट् खट्, लाकडावर काठी घासल्यासारखा. तो ऐकला की जागेवरच थांबायचं, बोट करायचं नाही. हात वर गेला की ते खोडाच्या पलीकडे सरकतं आणि तू इकडून फिरलास की तेही फिरतं. ८x४२ ची दुर्बीण पुरे. यापेक्षा जास्त पॉवर हातात थरथरते.

कुलकर्णी काका, ९:२१
मेघनाताईंचं बरोबर. आणि प्राणी दिसण्याआधी ऐकायला शिका. वानर 'खोक्' करून ओरडलं आणि तोंड एकाच दिशेला धरून राहिलं, तर खाली काहीतरी चालतंय. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सांबर 'पोंक' करतं. तिन्ही आवाज एका बाजूने आले तर बिबट्या असू शकतो. एकटं वानर केकाटलं तर बहुतेक त्यांचं आपसातलं भांडण.

पाटील, ९:२२
म्हणजे आपल्या ग्रुपसारखं.

देशमुख काकू, ९:२३
हे बरं बोललात पाटील 😄

शिंदे (सी-३०१), ९:२६
पिसोरी म्हणजे लहान हरीण ना? मुलीच्या प्रोजेक्टमध्ये आहे.

मेघना, ९:२९
हरणासारखं दिसतं पण खरं हरीण नाही, नराला शिंगंच नसतात. मांजराएवढं, जेमतेम तीन किलोचं, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. रात्री फिरतं, दिवसा पाचोळ्यात दडतं. दिसलं तर नशीब, नाही दिसलं तर गाईडला दोष देऊ नका.

कुलकर्णी काका, ९:३०
*सूचना : परफ्यूम, डिओ, अत्तर नको. पांढरे, लाल, पिवळे कपडे नकोत.* (वरचं कोणी वाचलेलं दिसत नाही.)

नाईक वहिनी, ९:३१
वाचलं काका. 👍 काशीद?

सावंत (सेक्रेटरी), ९:३४
वहिनी, थांबा, तेच बघतोय. मेघनाताई, ४२ जण एका गाणीवर बसतील का?

मेघना, ९:३८
नाही. दहाच्या वर गेले की कोणीतरी शिंकतं, कोणीतरी वेफर्सचं पाकीट उघडतं. त्या पाकिटाचा आवाज गाणीच्या पलीकडेसुद्धा जातो. जंगलात खरंच यायचं असलेल्या २० जणांचे दोन गट करा, वेगवेगळ्या गाणींवर, दोन स्थानिक गाईड. बाकीच्यांनी कोर्लई आणि काशीद करावं.

नाईक वहिनी, ९:३८
❤️❤️❤️

पाटील, ९:४०
म्हणजे काशीदवाले दुय्यम नागरिक. खर्च मात्र सगळ्यांना ९५० च?

सावंत (सेक्रेटरी), ९:४१
गाईड आणि प्रवेश फी जंगलवाल्यांची वेगळी धरू. बाकी सेम.

कुलकर्णी काका, ९:४५
दुय्यम कशाला, पाटील? कोर्लई काही कमी नाही. कुंडलिकेच्या मुखावर पोर्तुगीजांचा किल्ला, आणि खालच्या गावात आजही काही घरांत पोर्तुगीज-मराठी मिसळलेली वेगळी बोली बोलतात. फणसाडचं जंगलही आयतं उरलेलं नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची ही शिकारीची राखीव जागा, बाहेरच्याला तोड करता येत नसे, म्हणून टिकलं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं.

अद्वैत, ९:४६
म्हणजे शिकाऱ्यांमुळे जंगल वाचलं? 🤯

कुलकर्णी काका, ९:४७
शिकार करायला जनावर लागतं, जनावराला जंगल लागतं. हिशोब सोपा आहे.

शिंदे, ९:५०
गारंबीचा वेल कुठे दिसतो? बी आणायची आहे प्रोजेक्टला.

मेघना, ९:५४
फोटो आणा, बी नाही. अभयारण्यातून शेंग, बी, पीस, दगड काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. वेल ओलसर ओढ्यांच्या कडेला बघा. खोड माणसाच्या मांडीएवढं जाड, पिळलेलं, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेलं. शेंग हातभर किंवा जास्त लांब, बियांच्या जागी फुगलेली. बी तपकिरी, चपटी, गुळगुळीत. पाण्यावर तरंगते, ओढ्यातून समुद्रात जाते आणि कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्यावर लागते. वेलीला लटकून झोका घेऊ नका, वरची वाळकी फांदी डोक्यात येते.

पाटील, ९:५५
आता झोकाही नको. 😐

मेघना, ९:५९
खाजकुयलीचं राहिलं. या दिवसांत शेंगा वाळलेल्या असतात, वरच्या मखमली लवेचे केस हवेत उडतात. अंगाला लागले तर चोळू नका, चोळलं की आणखी आत रुततात. चिकटपट्टी लावून उपटून काढा, मग धुवा, कपडे वेगळे ठेवा. फुल पँट, पायमोजे पँटवर ओढून, बूट घोट्यापर्यंत. गोचीड यानेच अडते. दगड उचलायचे नाहीत, कोकणात त्याखाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चीर द्यायची नाही, पाय हलवू न देता सरळ दवाखान्यात. पाणी प्रत्येकी तीन लिटर.

देशमुख काकू, १०:०१
हे वाचून मी काशीदवाल्यांत. नाव हलवा.

कुलकर्णी काका, १०:०२
काशीदलाही जपून. किनारा लगेच खोल होतो, ओढ जबरदस्त. ओहोटीला मुलांना गुडघ्याच्या पुढे सोडू नका.

सावंत (सेक्रेटरी), १०:१०
*फायनल :* बस शनिवार मध्यरात्र उलटून १:३० ला गेटवरून. ५:४५ ला जंगलवाले सुपेगावला उतरतील. बस बाकीच्यांना घेऊन पुढे, आधी कोर्लई, मग काशीद. १० ला जंगलवाल्यांना परत घ्यायचं. परतीला ३ वाजता निघणार, उशीर झाला तर वडखळ नाक्यावर रविवारची रांग आहेच. गाईड आणि प्रवेशाची वेळ मी उद्या वनखात्याला फोन करून पक्की करतो. आधार कार्ड आणा.

पाटील, १०:११
१:३० ला?? झोपायचं कधी?

सावंत (सेक्रेटरी), १०:११
बसमध्ये.

पाटील, १०:१२
स्पीकर चालू असताना? 😏

कुलकर्णी काका, १०:१५
ठीक आहे पाटील, बसमध्ये लावा. मात्र हळू, आणि फक्त साळाव पुलापर्यंत.

पाटील, १०:१५
पुलाच्या कुठल्या टोकापर्यंत?

कुलकर्णी काका, १०:१६
अलीकडच्या.