अनुभव धागा : मद्रासचा उजेड – काळवीट, कासवं आणि जुनी चर्चं

मंडळी, मैलापूरला एक लहानसं चर्च आहे, लझ चर्च. त्यावर साल आहे 1516. इथले लोक त्याला 'काट्टु कोविल' म्हणतात, म्हणजे रानातलं देऊळ. पोर्तुगीज भाषेत 'लझ' म्हणजे उजेड. समुद्रात भरकटलेल्या खलाशांना किनाऱ्यावर उजेड दिसला आणि ते वाचले, अशी कथा सांगतात. रान आणि उजेड एकाच दारात! नऊ वर्षं चेन्नईत राहून मी याच दोन गोष्टींमागे कॅमेरा घेऊन फिरतेय. तुम्ही इथे काय टिपलंत, काय हुकलं, ते लिहा. नुसते फोटो नकोत, फोटोच्या आधीचं आणि नंतरचं हवंय.

सातभाई
मी आयआयटीत होतो. गिंडी राष्ट्रीय उद्यान आमच्या कुंपणाला लागून, जेमतेम 2.7 चौरस किलोमीटरचं. चितळं हॉस्टेलच्या दारापर्यंत यायची. काळवीट तसं नाही, त्याला मोकळं गवत लागतं. चितळ झाडीत शिरून सुटतं, काळवीट लांबचं बघून पळतं. पहिली दोन वर्षं मी त्याच्या मागे मागे गेलो आणि फक्त पाठीचे फोटो मिळाले. मग कळलं की नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. तो ढीग शोधला, वारा तोंडावर येईल असा लांब बसलो आणि तिसऱ्या सकाळी तो स्वतःहून आला. मान मागे, पिळाची शिंगं पाठीला टेकलेली, नाकपुड्या फुललेल्या. अंग काळं आणि पोट पांढरं असल्याने कॅमेरा फसतो आणि फोटोत पोट नुसतं पांढरंफटक येतं. एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

गलाईवाला, विटा
आमचं गलाईचं दुकान साहुकारपेठेत. सोनं-चांदी गाळण्यात आजोबांपासून आयुष्य गेलं. धुरातून बाहेर पडलं की मी आर्मेनियन स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये जाऊन बसतो. आत्ताची इमारत 1772 ची. अंगणभर थडग्यांच्या फरशा, त्यावर आर्मेनियन अक्षरं आणि चाफ्याची फुलं पडलेली. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 1794 मध्ये याच शहरात छापलं गेलं. ते छापणारे धर्मगुरू इथेच पुरले आहेत. दुपारी बाराला अक्षरं सपाट दिसतात. सकाळी तिरपं ऊन आलं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि दगड बोलायला लागतो. दागिन्यावरची नक्षी आम्ही अशीच दिव्याखाली कलती करून बघतो, म्हणून मला ते लवकर उमगलं असावं.

पाणलावा
पल्लिकरणै. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेली पाणथळ, शेजारी शहराच्या कचऱ्याचा डोंगर. आमच्या पुढे एक गट होता, त्यांना उडतानाचे रोहित (फ्लेमिंगो) हवे होते. त्यांनी टाळ्या वाजवून अख्खा थवा उठवला. पक्षी लांबून उडून आलेले, चरत असलेले. मी काहीच बोललो नाही, त्याचा राग अजून जात नाही. आता बोलतो. आणि एक, एसी गाडीतून उतरल्या उतरल्या झाकण काढू नका. दमट हवेत लेन्स धुक्याने भरते आणि वीस मिनिटं काही दिसत नाही. कॅमेरा बॅगेतच बाहेरच्या हवेला सरावू द्या.

माईआजी
एग्मोरचं सेंट अँड्र्यूज चर्च, 1821 चं, नक्की बघा. सोळा खांबांवर निळा घुमट आणि त्यात सोनेरी तारे. जमीन दलदलीची म्हणून पाया विहिरी खोदून घातलाय. मधोमध उभं राहून वर बघितलं की मान दुखते, पण फोटोत ते मावत नाही. मी नाद सोडला आणि बाकावर बसले. फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या 1680 च्या सेंट मेरीज चर्चला जाताना ओळखपत्र विसरू नका, फाटकावर तपासणी असते.

वाळूत पावलं
आमच्याकडे उजेड हाच शत्रू. जानेवारी ते मार्च, रात्री बारानंतर नीलांकरैहून बेझंटनगरकडे स्वयंसेवकांबरोबर चालतो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा वाळूत उमटतात, काठीने वाळू चाचपून घरटं शोधायचं, अंडी हलक्या हाताने उबवणीच्या जागी न्यायची. शंभरावर अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, दाबली तर खळगा पडेल अशी. पिल्लं बाहेर आली की उजळत्या दिशेला धावतात. रस्त्यावरचे दिवे समुद्राहून उजळ असले की ती उलटी, रस्त्याकडे जातात. म्हणून फ्लॅश नाही, मोबाइलचा टॉर्च नाही. 2025 च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर मेलेली कासवं शेकड्यांनी लागली. त्यांचे फोटो मी काढले, कुणीतरी नोंद ठेवायलाच हवी होती. जिवंत मादी मी एकदाच पाहिली, दहा हातांवर. कॅमेरा गळ्यात होता आणि तो तसाच राहिला. तिच्या श्वासाचा आवाज आला, जड, माणसासारखा.

धागाकर्ती
वाळूत पावलं, पुढच्या हंगामात मला घ्याल का बरोबर? कॅमेरा घरी ठेवून येईन. गलाईवाले दादा, येत्या रविवारी सकाळी मी आर्मेनियन स्ट्रीटला येतेय. ती अक्षरं मला तुमच्याबरोबर बघायची आहेत.