अंगाने बारीक माणसाला हृदयविकाराचा धोका खरोखरच कमी असतो का?

सातारकर (प्रश्न):
माझे वय 46 आहे. गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाची वयाच्या 51व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून घरचे सगळे माझ्या तपासणीसाठी मागे लागले आहेत. खरे सांगायचे तर, आपल्याला काही होईल असे मला आतून वाटतच नाही. दादा स्थूल, दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा आणि शीघ्रकोपी. मी मात्र किडकिडीत, निर्व्यसनी आणि रोज अर्धा तास चालणारा. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, पण ती आमच्या घरात सगळेच घेतात. सहा महिन्यांपूर्वीचा ईसीजीही नॉर्मल आला होता. हे माझे वाटणे तर्काला धरून आहे, की मी स्वतःची समजूत घालतो आहे?

गावचा डॉक्टर:
समजूत घालता आहात, असे माझे स्पष्ट मत आहे, पण त्यात आपण एकटे नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला होता. हार्ट अटॅक येणारा माणूस कसा दिसतो याचे एक ठरीव चित्र प्रत्येकाच्या मनात असते आणि त्या चित्राशी ताडूनच तो स्वतःचा धोका ठरवतो, असे त्यात आढळले. सगळी पथ्ये मोडूनही दीर्घायुषी झालेल्या एखाद्या काकांचा दाखलाही तेथे हमखास निघे. माझ्या ओपीडीत त्यांच्या जागी तंबाखू मळत नव्वदी गाठलेले आजोबा असतात.

आपण दादांच्या आणि आपल्यातल्या फरकांची यादी दिलीत. साम्य मात्र 'सगळेच घेतात' म्हणून बाजूला सारलेत. वडील किंवा सख्ख्या भावाला 55 वर्षांच्या आत हा आजार झाला, तर तो कौटुंबिक इतिहास धरला जातो, आणि गोळीने रक्तदाब आटोक्यात राहिला तरी त्याची नोंद पुसली जात नाही. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतानाही नॉर्मल येऊ शकतो. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व रक्तातील इतर चरबीची तपासणी) एवढे करून आपल्या डॉक्टरांना दाखवा. पोटाचा घेरही मोजा, कारण भारतीय पुरुषांत 90 सेंटीमीटरच्या वर तो धोक्याचा मानतात, मग हातपाय कितीही काटकुळे असोत.

माहेरवाशीण:
बायकांच्या बाबतीत तर ते चित्रच पुरुषाचे असते. माझ्या आईला बारा वर्षांचा मधुमेह. बाबांच्या हृदयाच्या गोळ्या डबीत वारानुसार भरून ठेवणारी तीच, पण स्वतःचा जबडा दुखून दरदरून घाम फुटला तेव्हा 'पित्त उसळलंय' म्हणत ओवा चावून पडून राहिली आणि रुग्णालयात पोहोचायला संध्याकाळ झाली. हे केवळ अशिक्षितपणाचे लक्षण म्हणावे तर ती निवृत्त शिक्षिका आहे. अमेरिकेतील सर्वेक्षणांत, हृदयविकार हे स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे हे 2009 मध्ये 65 टक्के स्त्रियांना ठाऊक होते. 2019 मध्ये हे प्रमाण 44 टक्क्यांवर घसरले.

जुना सभासद:
एक दुसरी बाजूही मांडतो. मेहुण्यांच्या बायपासनंतर मी वर्षभर प्रत्येक ढेकर हा झटका समजत होतो, आणि तो अंदाजही तितकाच निराधार होता. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात, जो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या झटक्यामागचा सुमारे 90 टक्के धोका धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण अशा नऊ मोजता येणाऱ्या किंवा बदलता येणाऱ्या गोष्टींशी जोडलेला आढळला. दक्षिण आशियातील लोकांना तो झटका साधारण 53व्या वर्षी आलेला होता, इतरांना सुमारे 59व्या.

सातारकर:
सर्वांचे आभार. माझी पँट 34 इंची आहे, म्हणून घेराबाबत मी निश्चिंत होतो. पण ती पोटाखाली बांधली जाते हे आज बायकोने शिवणाची टेप बेंबीपाशी धरली तेव्हा कळले. 94 सेंटीमीटर भरले. सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जातो आहे.