अल्गोलचं 'ग्रहण' नोंदवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ययाती तारकासमूहातल्या अल्गोल या ताऱ्याची तेजस्विता मोजून आलेख काढायचा आहे, तोही नुसत्या डोळ्यांनी. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार तारा पुढे येऊन मुख्य ताऱ्याचा बराच भाग झाकतो आणि प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरते. 1783 साली जॉन गुडरिक या तरुणाने दुर्बिणीशिवाय हे चक्र पकडलं होतं, म्हणजे जमायला हवं!

घोडं अडलंय ते आसपासच्या ठरावीक तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करण्यात. अल्गोल तेजस्वी असताना देवयानी तारकासमूहातला गॅमा तारा ठीक वाटतो, मंद झाल्यावर ययातीतलेच एप्सिलॉन आणि डेल्टा. जवळचा ऱ्हो सोयीचा दिसतो खरा, पण तो स्वतःच रूपविकारी (तेज बदलत राहणारा), शिवाय लालसर. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो उगाचच जास्त तेजस्वी भासतो. मग त्या भागात तुम्ही कोणते तारे धरता?

दुसरं, अल्गोल क्षितिजाकडे कलला की हवेमुळे तसाही मंद दिसतो. तुलनेचा तारा त्याच उंचीवरचा घेतला तर पुरतं, की वेगळी दुरुस्ती करावी लागते?

मंदावणं ते पूर्ववत होणं, सगळं मिळून साधारण दहा तास चालतं. तेवढं जागणं झेपणार नाही. किमान तेजाच्या आगेमागे दर वीस मिनिटांनी नोंद केली तर चालेल का? मोबाईलच्या फोटोंवरून कुणी मोजलंय का? माझ्या फोटोंत तेजस्वी तारे सगळे सारखेच पांढरे येतात.