मदत हवी आहे: मल्टिटूलच्या पकडीचा सैल रिव्हेट

जुन्या बाजारातून घेतलेल्या, नाव पुसट झालेल्या एका मल्टिटूलची (पक्कड, चाकू वगैरे एकत्र घडी होणारे अवजार) पक्कड मधल्या रिव्हेटवर (डोके ठोकून कायमची बसवलेली खीळ) हलते. उजेडासमोर धरली की जबड्यांची टोके एकमेकांवर न बसता किंचित बाजूला सरकलेली दिसतात आणि बारीक तार निसटते. रॉकेलने धुऊन शिलाई मशीनचे तेल घातले. गंज निघाला, उघडझाप सुरेख झाली, सैलपणा मात्र तसाच राहिला. माझ्या दुसऱ्या मल्टिटूलच्या, लेदरमन वेव्हच्या, मुठींचे टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू आवळता येतात, येथे सगळे रिव्हेटच आहेत. संग्रहातील वस्तू असल्याने रिव्हेट काढून बोल्ट बसवायचा नाही, आणि माझ्याकडे छोटी ऐरण व गोल तोंडाची हातोडी एवढेच आहे. जबड्यांमध्ये पातळ पत्रा ठेवून रिव्हेटचे डोके हलकेच ठोकल्यास पक्कड जाम न होता घट्ट बसेल का, आणि ठोके डोक्याच्या मध्यावर द्यावेत की कडेने?